गल्लीतला सगळ्यात भला माणूस

सायकलरिक्षावाल्याने ते अगदी सहज सांगितलं, समोरून येणाऱ्या ट्रकला वाट देता देता. दॉ स्वे यी डोळ्यांच्या डॉक्टरकडून परत निघाली होती. डोळ्यांत घातलेल्या थेंबांमुळे रंगून पाण्याखाली गेल्यासारखं दिसत होतं, आणि मोठा रस्ता खणून ठेवलेला म्हणून रिक्षावाल्याने सांचाउंगमधल्या आतल्या गल्लीतून रिक्षा घातली होती. गल्ली तिने आधी ओळखलीच नाही. वरच्या मजल्यांवरून खाली सोडलेल्या दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकांना चिमटे, चिमट्यांत अडकवलेली वर्तमानपत्रं, सगळं शेवाळासारखं डुलत होतं. अशा दोऱ्या रंगूनच्या कुठल्याही गल्लीत असतात. मग एका कोपऱ्यावरचं गटाराचं वळण रिक्षाच्या धक्क्यासकट तिच्या कंबरेने ओळखलं. तेवढ्यात रिक्षावाला म्हणाला, "आजी, ते सीडीचं दुकान दिसतंय ना, तिथे कुठलाच धंदा टिकत नाही. विषाचं दुकान होतं ते."

"कसलं?"

"विषाचं. एक वैदू होता तिथे. दिसायला गरीब गाय. त्याने समोरच्या घरातली पोरगी मारली. गुळाच्या खड्यात घालून. खडा कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून द्यायचा, आणि कागदावर जी तारीख, त्या तारखेला माणूस खलास."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? अख्ख्या वस्तीला माहीत आहे. माझी आत्या इथेच राहायची."

"कुठल्या पुस्तकात वाचलंस का रे?"

तो पेडल मारता मारता हसला. "मला वाचता येत असतं तर तुम्हाला ओढत बसलो असतो का, आजी?"

 पहिल्यांदा तिच्या मनात जे उसळून आलं ते दुःख नव्हतं. तो अभिमान होता. कॅलेंडरचा कागद तिचा होता. तारखेची युक्ती तिची होती. एकोणीसशे बहात्तर सालच्या मार्च महिन्यात, दुपारी, टेलिफोन खात्यातली रजा टाकून, मांडीवर ओला टॉवेल ठेवून तिने ती शोधून काढली होती आणि एकटीच मोठ्याने "वा!" म्हणाली होती. त्या पुस्तकाच्या पाच आवृत्त्या निघाल्या, भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांत त्याची पानं हाताळून हाताळून कापडासारखी मऊ झाली, मग त्यांना वाळवी लागली. आता तिच्या स्वतःच्या घरातही एकच प्रत होती आणि तिची मागची चार पानं गेलेली होती. पुस्तक मेलं होतं. आणि हा निरक्षर माणूस, ज्याने तिचं नाव कधी ऐकलं नाही, तिच्या पुस्तकातला खून पत्त्यासकट सांगत होता. एवढं यश रंगूनमधल्या कुठल्या लेखकाला मिळालं असेल? असा विचार तिच्या मनात खरोखर येऊन गेला. रिक्षा गल्लीच्या बाहेर पडली, उन्हाने डोळे चरचरले, आणि पाणी वाहायला लागलं ते औषधाचं आहे असं तिने रिक्षावाल्याला सांगितलं.

घरी येऊन ती खुर्चीत बसून राहिली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, वीज गेलेली होती. ती एकोणसत्तर वर्षांची होती. आपण पुस्तकागणिक एक अशी एकूण त्रेचाळीस माणसं मारली, हा हिशेब ती पूर्वी मुलाखतींत विनोदाने सांगायची. लिहायची ती न्यो ल्विन या टोपणनावाने. नाव पुरुषाचं वाटावं असं प्रकाशक ऊ खांतनेच सुचवलं होतं. "बाईने लिहिलेला खून कोण भाड्याने नेणार, सयामा? लोकांना वाटेल, मेलेला माणूस शेवटी उठून बसणार." मानाने पुरुषाच्या नावाआधी ऊ आणि बाईच्या नावाआधी दॉ लावतात, तसंच लेखकाला सगळे सया म्हणत, बाईला सयामा, पण ऊ खांत ते असं म्हणायचा की त्यात मान आणि चेष्टा दोन्ही निम्मं निम्मं असायचं. ती तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला यंत्र लावून सतरा वर्षं तिने शहराचे आवाज एकमेकांना जोडून दिले. खोटं बोलणारा माणूस सुरुवातीला श्वास घेतो आणि खरं बोलणारा शेवटी, हे ती तिथे शिकली. तिच्या गोष्टींतले गुन्हे शोधून काढायचा तो एक निवृत्त पोस्टमन, ऊ पान. त्याच्याकडे बंदूक नव्हती, फक्त पाय होते आणि सगळ्या शहराचे पत्ते पाठ होते. लोकांना तो फार आवडायचा. लोक दुकानात जाऊन विचारायचे, पोस्टमनचं नवीन आलंय का?

चौथ्या पुस्तकात खरा खुनी होता सरकारी सहकारी भांडाराचा व्यवस्थापक. ते पुस्तक ती अजूनही डोळे मिटून वाचू शकली असती. ते तसं कधी छापलंच गेलं नाही. मजकूर तपासणाऱ्या कचेरीतून हस्तलिखित परत आलं, वर लाल शाईत एकच ओळ: सरकारी नोकर खुनी असू शकत नाही. ऊ खांत घाम पुसत जिना चढून आला. "कागदाचा कोटा शुक्रवारपर्यंतचाच आहे. शुक्रवार गेला की वर्ष गेलं. दुसरा कोणीतरी खुनी बघा."

"खुनी म्हणजे काय केळी आहेत का, ही नको तर ती द्या?"

"तीन दिवस आहेत, सयामा. शिक्षक नको, पोलीस नको, भिक्खू तर नकोच नको. शेतकरी नको, कामगार नको. बाकी कोणीही चालेल."

"बाकी उरलं कोण?"

"दुकानदार," ऊ खांत म्हणाला.

तो गेल्यावर ती खिडकीशी उभी राहिली. या धंद्याचा एकच नियम तिला मनापासून ठाऊक होता. ज्याच्यावर वाचकाचा शेवटपर्यंत संशय जाणार नाही, तो शोधायचा. तेव्हा ती त्याच गल्लीत राहायची, आणि खाली ऊ तुन फेचं औषधाचं दुकान होतं. काळ्या लाकडाचे लहान लहान खण, मुळ्या, साली, पोटदुखीचं पिवळं चूर्ण. ऊ तुन फे पन्नाशीचा होता, बायको बाळंतपणात गेलेली, अकरा वर्षांची एक मुलगी, सान म्या. चूर्ण कडू असायचं म्हणून लहान मुलांना तो वर गुळाचा खडा द्यायचा. स्वे यीच्या सासूला पक्षाघात झाला तेव्हा तो चार महिने रोज सकाळी वर यायचा, तेल चोळायला, आणि जाताना सासूच्या निर्जीव हाताशी थोडा वेळ गप्पा मारायचा, हाताशीच, जसं काही हात रुसलाय. उभं राहून त्याच्याकडे बघताना तिच्या अंगावर शहारा आला. सापडला, असं तिला वाटलं. तिने गल्लीतला सगळ्यात भला माणूस शोधला आणि तीन दिवसांत त्याला खुनी केलं. नावातला एक स्वर बदलला, तुन फेचा तिन फे केला. दात एक सोन्याचा घातला. बळी तयारच होता. गेल्या पावसाळ्यात समोरच्या घरातली तिन म्यांई, वीस वर्षांची, नर्सिंग शिकणारी, एका दिवसात उलट्या होऊन गेली होती. डॉक्टरने पटकी लिहिलं. स्वे यी त्या घरी बसायला गेली होती आणि मुलीच्या आईचं, दॉ ल्हा म्येचं, एकच वाक्य सारखं ऐकत होती: "अशी उगाच कशी मरेल? मला सांगा ना, धडधाकट पोरगी अशी उगाच मरते का?" उलट्यांचा रंग, नखांचा निळा रंग, आईने घट्ट धरलेला नर्सिंगचा पांढरा गणवेश, सगळं तिने घेतलं. घेतलं हा शब्दही तेव्हा तिच्या मनात आला नव्हता. लेखक बघतो, असं ती म्हणायची.

पुस्तक आल्यावर काही झालं नाही. हेच तर. पोलीस आले नाहीत, भांडण झालं नाही, कोणी दगड मारला नाही. आधी गल्लीतल्या बायका हसल्या, "अगं, हा तर आपला वैद्यकाका!" म्हणाल्या. ऊ तुन फेसुद्धा हसला, त्याने तिला खालून हाक मारून विचारलं, "सयामा, सोन्याचा दात कधी बसवून देताय?" ती वरून हसली, तो खालून हसला. त्यानंतर दॉ ल्हा म्येने पुस्तक भाड्याने आणलं. ती वाचणारी बाई नव्हती, कोणीतरी तिला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती दुकानासमोर येऊन उभी राहिली. काही बोलली नाही, तासभर नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि मग रोज यायला लागली. चूर्ण न्यायला येणारी माणसं तिला बघून थोडी थबकत. पुढे पुढे ही माणसं दुसऱ्या गल्लीतून चूर्ण आणू लागली. मुलं दुकानासमोरून जायची तेव्हा वरून आया हाका मारायच्या, आणि त्या हाका नेहमीपेक्षा जरा लवकर यायच्या. संशय कोणीच घेतला नव्हता. कोणालाही विचारलं असतं तर म्हणाला असता, छे हो, ती कादंबरी आहे. फक्त पोटात घ्यायची वस्तू आहे, उगाच कशाला? नोव्हेंबरात दुकानाच्या फळ्या लागल्या. ऊ तुन फे मुलीला घेऊन नदीपलीकडे त्वांतेला गेला, बायकोच्या माहेरी. मुलीच्या शाळेसाठी गेला असं स्वे यीने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने ते ऐकून घेतलं. तो भला माणूस होता, पण त्या दिवसानंतर त्याने तिचं एकही पुस्तक वाचलं नाही, आणि ती एकदाही का म्हणून विचारायला गेली नाही. पुढे तिने गल्ली सोडली. तिच्या पुस्तकांतले खून डोंगरातल्या गावांत व्हायला लागले, जिथे ती कधी गेली नव्हती, आणि खुनी नेहमी बाहेरून आलेला, कोणाचाही कोणी नसलेला माणूस असायचा. वाचक कंटाळले. "पोस्टमन म्हातारा झाला," असं ऊ खांत म्हणाला. त्वांतेचा पत्ता शोधायला तिच्या पोस्टमनला अर्धं प्रकरण पुरलं असतं. तिला तेहतीस वर्षं लागली.

गुरुवारी ती नदीपलीकडच्या दला गावाला जाणाऱ्या बोटीत बसली. पलीकडच्या काठावरून त्वांतेपर्यंत खटारा गाडी, दोन्ही बाजूंना भातशेती, मांडीवर कोणाचं तरी कोंबडं. कुंभारांच्या वस्तीत विचारल्यावर लगेच घर दाखवलं. भट्टीच्या धुराने काळी पडलेली बांबूची भिंत, अंगणात उन्हाला ठेवलेले कच्चे माठ. गालांना थनाक्याच्या खोडाचा पिवळा लेप फासलेली एक चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांची बाई चाकावरून उठली, हात चिखलाने भरलेले. तिचे डोळे बापाचे होते.

"मी सांचाउंगहून आले," स्वे यी म्हणाली. "माझं नाव..."

"मला माहीत आहे तुमचं नाव. दोन्ही नावं." सान म्याने हात पुसले नाहीत. "शाळेत अख्ख्या वर्गाने वाचलं होतं. माझ्या डब्यातलं कोणी खायचं नाही. मी अकरा वर्षांची होते, मला वाटायचं मला स्वयंपाक नीट येत नाही म्हणून."

स्वे यीने बोटीत वाक्यं तयार केली होती. ती सगळी चांगली वाक्यं होती आणि आता एकही तोंडात येईना. "काका आहेत?" तिने विचारलं.

"आहेत. नसते तर बरं झालं असतं असं मला रोज वाटतं. तुम्ही आता इतक्या वर्षांनी मन हलकं करायला आलात का? मग त्या नदीत करायचं होतं. मध्ये खूप खोल आहे."

"हो," स्वे यी म्हणाली. "त्यासाठीच आले असेन." आणि तिने रिक्षावाल्याची हकीकत सांगितली, न वगळता, अभिमान वाटला तोही सांगितला. सान म्या ऐकत राहिली. मग खाली बसली, उकिडवी, आणि चिखलाच्या हातांनीच कपाळ धरलं. तिचा आवाज एकदम वेगळा आला, शेजारणीशी बोलावं तसा. "त्यांना विसर पडायला लागला, त्याला तीन वर्षं झाली. आधी माझ्या नवऱ्याचं नाव गेलं, मग औषधांची गेली. एका उपोसथाच्या, उपवासाच्या दिवशी विहारात भिक्खूंसमोर बसले आणि म्हणाले, भन्ते, मी एक पोरगी मारली. गुळाच्या खड्यातून. मला वाटलं ऐकायला चुकले मी. घरी आल्यावर सगळं सांगितलं, कागदाचा रंगसुद्धा. सयामा, सगळं गेलं हो त्यांच्या डोक्यातून. माझी आई गेली, दुकान गेलं. तुमचं तेवढं राहिलं."

भट्टीत कुठेतरी माठ तडकल्याचा आवाज झाला. सान म्याने तिकडे मान वळवली नाही.

"मरताना मनात जे असतं तेच घेऊन माणूस पुढच्या जन्माला जातो. माझा बाप, ज्याने मुंगी मारली नाही, तो खुनी म्हणून जाणार. मी सांगितलं, भिक्खूंनी सांगितलं, अबा, तुम्ही काही केलं नाही. ते म्हणतात, तू चांगली पोरगी आहेस म्हणून असं म्हणतेस. तुम्ही घातलंत ते त्यांच्या डोक्यात. आता तुम्हीच काढा."

ऊ तुन फे मागच्या पडवीत बाकावर बसला होता. इतका लहान झाला होता की स्वे यीला आधी तिथे वाळत टाकलेले कपडेच दिसले. तो मुळ्या निवडत होता. त्या नुसत्या अंगणातल्या काड्या होत्या, पण निवडण्याची पद्धत तीच, नखाने साल तपासायची आणि नाकाशी न्यायची. "ये, पोरी," तो म्हणाला. "कुठली तू?"

"सांचाउंगची, काका."

"मग तुला माहीत असेल. मी तिथे एक पोरगी मारली." दिवसातून दोनदा कोमट पाण्यातून घ्या, असं सांगायच्या आवाजात तो म्हणाला. आणि पुढे सांगू लागला, आणि ती वाक्यं स्वे यीची होती. "तिने खडा तोंडात टाकला आणि लहान मुलीसारखी हसली." हे स्वे यीचं वाक्य होतं, शेवटून दुसऱ्या प्रकरणातलं. त्या हसली शब्दापाशी ती तेव्हा पाच मिनिटं थांबली होती, रडली असावं की हसली असावं. म्हातारा तिथे थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "हसली गं ती," तो म्हणाला.

"काका, ती पटकीने गेली. डॉक्टरने लिहून दिलं होतं. कोणीही मारलं नाही तिला."

"डॉक्टरला काय कळतंय? वीस वर्षांची धडधाकट पोरगी. अशी उगाच मरते का कोणी?"

त्याच शब्दांत. दॉ ल्हा म्येच्या शब्दांत. ती बाई त्या दुकानासमोर तास तास उभी राहून हेच त्याच्यात भरत राहिली असेल का? की हे वाक्य कोणाचंच नसतं, माणसाच्या आतच असतं? स्वे यीला एकाएकी तिची सगळी त्रेचाळीस पुस्तकं एका ओळीत दिसली. त्यांत कोणी उगाच मरत नव्हतं. त्यासाठी तर लोक ती नेत होते. दिवसभर रांगांत उभं राहून, घरी कोणाचा तरी ताप, कोणाचं तरी काहीच कारण नसलेलं मरण बघून, संध्याकाळी पोस्टमनकडे जात होते, आणि पोस्टमन त्यांना कोणीतरी देत होता. दॉ ल्हा म्येलाही तिने कोणीतरी दिला होता. तो आता तिच्यासमोर बसला होता, आणि कोणीच नाही हे उत्तर तो घेणार नव्हता.

"मी मारलं," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने काडी खाली ठेवली. दारात सान म्या उभी होती, तिने तोंडावर हात ठेवला.

"तू?" तो तिच्याकडे नीट बघू लागला, रोग्याची जीभ बघावी तसा. "का गं?"

आयुष्यात तिने खुनासाठी किती कारणं रचली होती! शेत, सूड, जुनं प्रेम, फोटो. आत्ता एकही सुचलं नाही, म्हणून खरं तेच तोंडून आलं. "मला शुक्रवारपर्यंत काम संपवायचं होतं."

त्याने मान हलवली. त्याला ते पटलं. "घाईत होतं माणसाच्या हातून," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मग मला का वाटतं मी केलं?"

"कारण मी लोकांना तुमचं नाव सांगितलं."

"माझंच का?"

"मला वाटलं, तुमच्यावर कोणाचा संशय जाणार नाही."

म्हातारा हसायला लागला. बोळक्या तोंडाने, आवाज न करता, खांदे हलवत. "मग फसलीस की, पोरी!" हसता हसता त्याला ठसका लागला. सान म्याने पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्याने भांडं हातातच धरलं आणि त्याच्या चेहऱ्यावर काळजी आली. "एवढं ओझं घेऊन बोटीतून आलीस? एकटी? झोप लागते का तुला?" तिने नाही म्हणून मान हलवली. "नाहीच लागायची." मग त्याने उरलेलं पाणी थेंब थेंब जमिनीवर सोडलं, ओठांत काहीतरी पुटपुटला. आपलं जे काही पुण्य असेल ते त्याने त्या मेलेल्या मुलीच्या आणि समोरच्या बाईच्या नावे वाटून टाकलं, आणि शेवटी साधू, साधू, साधू म्हणाला. "सान म्या," तो म्हणाला, "हिला भात वाढ. लांबून आलीय."

भात वाढताना सान म्या म्हणाली, "उद्या सकाळी तेच परत खुनी असतील. काही राहत नाही त्यांच्या लक्षात."

"मग मी परत येईन."

"किती वेळा?"

स्वे यीने भात कालवायला घेतला. खोटं बोलणारा माणूस सुरुवातीला श्वास घेतो, आणि तिला तो घ्यायचा नव्हता.

ती दर गुरुवारी जाऊ लागली. दर गुरुवारी तो विचारायचा, कुठली तू. दर गुरुवारी सांगायचा, मी एक पोरगी मारली. आणि ती म्हणायची, मी मारली, काका. का गं, हा प्रश्न कधी चुकला नाही. ती शुक्रवारचं सांगायची. कधी तो हसायचा, कधी संतापायचा आणि तिला काठी दाखवायचा, एकदा तो खूप रडला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून बसला. लिहिताना जे तिला कधी जमलं नव्हतं, गुन्हा स्वतःच्या नावावर घेणं, ते इथे दर वेळी नव्याने करावं लागत होतं. आधीचं काहीच उपयोगी पडत नव्हतं. बांबूच्या भिंतीतून बोलणं आरपार जातं. कुंभारवाड्यात कुजबुज सुरू झाली, ती खटाऱ्यापर्यंत आली, पुढे दलाच्या धक्क्यापर्यंत. मोहिंगा, माशाच्या रश्श्यातल्या शेवया, विकणारी बाई तिचं भांडं वेगळं ठेवू लागली. बोटीतल्या बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना जागा राहायला लागली, गर्दीतही. एकदा तिच्या कानावर आलं, हीच ती, नर्स होती म्हणे, इंजेक्शन देऊन मारलं. इंजेक्शन कुठून आलं ते तिला कळेना. तिला दुरुस्त करायचा मोह झाला आणि तिने तो गिळला. पाण्याकडे बघत बसून राहिली. चार महिन्यांनी तिच्या असं लक्षात आलं की दोन-तीन गुरुवार म्हातारा ते वाक्य बोलायला विसरला होता. ती येऊन बसली, तो काड्या निवडत राहिला, आणि एकदम म्हणाला, "तुझं कसं आहे आता? ते शुक्रवारचं?" बाहेर सान म्याने चाक थांबवलं आणि ती दारात आली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या खुनाने त्याच्या डोक्यात जागा बदलली होती, तो आता तिचा झाला होता. कशी बदलली, कुठल्या गुरुवारी, कोणालाच सांगता आलं नसतं.

फेब्रुवारीत एका गुरुवारी अंगणात चटया अंथरलेल्या दिसल्या. कच्चे माठ भिंतीशी सरकवून ठेवले होते. अंत्यविधीला आलेल्यांना वाटलेल्या कागदी पंख्यांपैकी एक कोणीतरी तिच्याही हातात दिला. त्यावर ऊ तुन फे, वय चौऱ्याऐंशी, असं छापलं होतं, सगळे स्वर जिथल्या तिथे. ती पंखा हातात घेऊन उभीच राहिली. सान म्या आली, तिला हाताला धरून मागच्या पडवीत घेऊन गेली. बाक होता तिथेच होता.

"मंगळवारी सकाळी. तुम्हाला कळवायला कोणाला पाठवणार?"

"त्रास झाला?"

"नाही. ताप होता दोन दिवस. कारण असं काही नाही. उगाच गेले." हा शब्द सान म्याने मुद्दाम वापरला की तो तसाच आला, ते स्वे यीला कळलं नाही.

"काही बोलले का? ते... त्याबद्दल?"

"त्या मुलीबद्दल नाही. स्वतःबद्दलही नाही." सान म्या बाकाच्या एका टोकाला बसली. "मी कान लावून बसले होते, सयामा. रात्रंदिवस. मला तेवढंच ऐकायचं होतं की शेवटी काय म्हणतात. सोमवारी तिसऱ्या प्रहरी डोळे उघडले. म्हणाले, ती बोटीतून येते ती पोरगी, तिला सांग, एवढ्या उन्हात येत जाऊ नकोस."

"आणि?"

"आणि काही नाही. एवढंच."

बाहेर अंगणात कोणीतरी चहाचे पेले गोळा करत होतं, पेल्यांवर पेले चढल्याचा आवाज येत होता. स्वे यीने रडू येण्याची वाट पाहिली, ते आलं नाही.  सान म्या तिच्याकडे बघत नव्हती. "मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "ते गेले, म्हणून केलं असं समजू नका."

"नाही समजत."

"वस्तीत विचारतात मला, तिला घरात का घेतेस म्हणून."

"काय सांगतेस?"

"काही नाही सांगत. सांगितलं की ते वाढतं."

 दुपारचा एक वाजून गेला होता. कौलांच्या सावलीची कड पडवीच्या काठाला येऊन टेकली होती आणि पलीकडची माती पांढरीफटक दिसत होती, डोळ्यांना सोसवत नव्हती. दीडची गाडी गेली तर पुढची साडेचारला होती. स्वे यीने पंखा पिशवीत ठेवला आणि बाकाला हात टेकून उठू लागली.

"ऊन उतरू द्या," सान म्या म्हणाली.

ती परत खाली बसली.